आठवीच्या वर्गातलं भूत: झाडीपट्टीतल्या एका वाचनपेटीचं प्रकरण

पूर्व विदर्भातली झाडीपट्टी, आणि तिच्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या मधल्या पट्ट्यातलं धानाचं गाव. गावात आठवी ते दहावीची शाळा. गावाचं आणि शाळेचं नाव इथे दिलेलं नाही, कारण प्रकरणात पुढे एका एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचा संबंध येतो आणि तिची ओळख कुठूनही उघडी पडू नये.

शाळेचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. आत थोरांची चरित्रं, बोधकथा, स्पर्धा परीक्षांची जाडजूड पुस्तकं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी ती बाहेर येत, तासभर मुलांच्या हातात राहत आणि परत आत जात. आठवीच्या मुलांना वाचता येत नव्हतं असं नाही. धडा वाचून दाखवत, प्रश्नांची उत्तरं शोधून काढत. पण आपणहून घेतलेलं पुस्तक शेवटापर्यंत नेणारं मूल वर्गात जवळजवळ नव्हतं. तीन-चार पानं झाली की नजर सुटायची. लांब मजकुरावर टिकून राहायची सवय नव्हती, आणि दहावीचा सगळा अभ्यास त्याच सवयीवर उभा असतो.

याच मुलांच्या मधल्या सुट्टीतल्या गप्पा मात्र भुतांच्या. कोणाच्या काकाला बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाळीवर चकवा लागला आणि तो पहाटेपर्यंत एकाच बांधीत, धानाच्या एकाच तुकड्यात, फिरत राहिला. कोणत्या चिंचेखालून दिवेलागणीनंतर जायचं नाही. मोबाइलवर कोणता भुताचा व्हिडिओ आला. धान निसवलं की रानडुकरांपासून ते राखायला बापासोबत तेरा-चौदा वर्षांची पोरंही जागलीला जातात. मचाणावर बसलेल्या पोराला भीती वाटतेच. या भागात वाघाची भीती खरी आहे, आणि भुताची भीती त्या खऱ्या भीतीला चिकटूनच येते. पण "एवढा मोठा झाला नं भेतो काय?" हे ऐकावं लागू नये म्हणून तो ती कोणाला सांगत नाही.

मराठी शिकवणाऱ्या मॅडमनी ठरवलं की कपाटाच्या वाटेला जायचंच नाही. एक वेगळी पत्र्याची पेटी करायची आणि तिच्यात एकाच जातीची पुस्तकं ठेवायची: भूत, साहस आणि हसू असलेल्या किशोर कादंबऱ्या.

हसू आणि भीती एकत्र का लागतात

नुसत्या भयकथेने हे काम होत नाही आणि नुसत्या विनोदी गोष्टींनीही होत नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मूल दोन टोकांना ओढलं जातं. लहान मुलांची परीकथा त्याला आपल्या वयाला शोभत नाही असं वाटतं, आणि मोठ्यांची कादंबरी हातात टिकत नाही. भुताची गोष्ट मोठ्यांची वाटते, म्हणून ती हातात धरायला लाज वाटत नाही. विनोद तिला झेपण्याजोगी करतो. कादंबरीतल्या पोराची पाचावर धारण बसते तेव्हा वाचणारा हसतो, आणि हसता हसता ती भीती आपलीही आहे हे कबूल करून टाकतो. वर्गात चार जण मिळून हसले की ते कबूल करणं कोणा एकाचं राहत नाही.

दुसरी गोष्ट नियमांची. चांगल्या कादंबरीतलं भूत कसंही वागत नाही, त्याला कायदा असतो. आपल्याकडे याचं जुनं आणि देखणं उदाहरण वेताळाचं आहे. राजाने मौन धरून प्रेत न्यायचं. बोलला तर वेताळ झाडावर परत. आणि उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिला तर डोक्याची शकलं. या दोन अटींच्या कात्रीवर पंचवीस गोष्टी उभ्या राहिल्या. अकराव्या शतकात सोमदेवाने काश्मिरात त्या कथासरित्सागरात घेतल्या. त्या ग्रंथाचं मूळ मानली जाणारी गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची, म्हणजे पिशाचांची म्हटल्या जाणाऱ्या, प्राकृत भाषेत होती, आणि दंतकथा तिला सातवाहन राजाच्या दरबाराशी, म्हणजे आपल्या प्रतिष्ठान-पैठणशी जोडते. त्या दंतकथेची सुरुवातही हशाने होते. जलक्रीडेत राणी "मोदकैः" (मा उदकैः) म्हणजे "पाणी उडवू नका" म्हणते, आणि संस्कृत न कळलेला राजा मोदक मागवतो. पिशाच, हसू आणि "मग काय झालं?" हे तिन्ही या मातीत जुने आहेत. किशोर कादंबरी तेच वापरते, फक्त राजाच्या जागी आठवीतलं पोर असतं.

नियम असला की वाचणारा डोकं चालवू लागतो. मुंजा पिंपळाची सावली ओलांडू शकत नसेल, तर संध्याकाळी सावली लांबते तेव्हा तो कुठपर्यंत येईल? अशा प्रश्नावर मुलं पान मागे उलटून बघतात. पाठ्यपुस्तकासाठी हेच करून घ्यायला केवढी धडपड करावी लागते!

पेटी कशी भरली

पेटीत चाळीस पुस्तकं, पण शीर्षकं फक्त बारा-तेरा. चाळीस वेगवेगळी पुस्तकं घेण्याचा मोह असतो आणि तो आवरावा. गोष्टीची मजा दुसऱ्याशी बोलण्यात आहे, आणि एका बाकावरच्या तिघांनी एकाच आठवड्यात एकच पुस्तक वाचलं तरच बोलणं होतं. म्हणून प्रत्येक शीर्षकाच्या तीन प्रती, आणि मालिका असेल तर पहिल्या भागाच्या चार. पहिला भाग हरवला की पुढचे सगळे भाग पडून राहतात, हे पहिल्याच सत्रात दिसलं.

निवडताना पुस्तक हातात घेऊन मोजायचं. पानं १२० ते १६०. प्रकरण सहा ते दहा पानांचं, म्हणजे एका बैठकीत संपणारं. अक्षर १४ पॉइंटच्या आसपास. त्याहून बारीक असेल तर कंदिलासारख्या मंद बल्बखाली वाचताना ओळ चुकते. पानाचा निदान तिसरा हिस्सा संवाद हवा. परिच्छेद सहा-सात ओळींच्या वर सतत जात असेल तर पुस्तक बाजूला ठेवायचं, लेखक कितीही चांगला असो. आणि भूत, किंवा भुताची पहिली खरी खूण, पंधराव्या पानाच्या आत यायला हवी.

ही शेवटची अट नोंदवहीतून कळली. नोंदवहीत चारच रकाने होते: नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, आणि "कितव्या पानापर्यंत". पुस्तक अर्धवट सोडलं तरी कोणी रागावणार नाही हे मुलांना पटल्यावर चौथा रकाना खरा भरला जाऊ लागला. ज्या पुस्तकांत पहिली तीन प्रकरणं वाड्याच्या वर्णनात आणि कुटुंबाच्या ओळखीत जातात, ती तिसाव्या पानाच्या अलीकडूनच परत येत होती. शिक्षकांनी एवढा एक रकाना जरी ठेवला, तरी पुढच्या खरेदीचे पैसे वाया जात नाहीत.

एक गैरसमज इथे दूर झाला. गोष्ट खेड्यातलीच हवी, शहरातली मुलांना कळणार नाही, असं आधी वाटत होतं. तसं झालं नाही. फ्लॅट, लिफ्ट, वसतिगृह हे सगळं मुलांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. बंद पडलेल्या लिफ्टमधलं भूत त्यांना नीट कळलं. अडलं ते विनोदापाशी. पुणेरी बोलण्याच्या लकबीवर किंवा इंग्रजी शब्दाच्या श्लेषावर बेतलेला विनोद कोरडा गेला, आणि विनोद कोरडा गेला की उरलेली भीतीही बेताचीच राहते. परदेशी कादंबऱ्यांच्या अनुवादांत अडचण नावांची होती. पहिल्या प्रकरणात आठ-दहा अनोळखी नावं आली की मूल हरवतं. त्यावर उपाय सोपा होता: पुस्तकाच्या आतल्या बाजूला अर्ध्या पानाची चिठ्ठी चिकटवायची, त्यात कोण कोणाचा कोण ते लिहायचं.

पेटी जमिनीवर ठेवू नये. चार विटांवर, भिंतीपासून हातभर दूर. नाहीतर पावसाळ्यात तळ गंजतो आणि भिंतीतली वाळवी पुस्तकांत शिरते. रोवणीच्या दिवसांत हजेरी घटते आणि पुस्तकं बांधीवर जातात, चिखलाने माखून येतात. बियाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक पिशव्या धुऊन, वाळवून प्रत्येक पुस्तकासोबत एक दिली, तेव्हा नुकसान थांबलं.

शनिवारचा तास

पेटी उघडून ठेवल्याने मुलं आपोआप वाचत नाहीत. पहिले दोन आठवडे चार-पाच पुस्तकंच गेली. वेग आला तो मोठ्याने वाचायला सुरुवात केल्यावर.

शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला एक प्रकरण वाचायचं. मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द या गतीने दोन हजार शब्दांचं प्रकरण सोळा ते वीस मिनिटांत होतं. ते वाचणाऱ्याने आधी दोनदा वाचलेलं असायला हवं, आणि थांबायच्या जागा पेन्सिलीने खुणावलेल्या हव्यात. भुताचा आवाज काढायचा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पहिली चूक सगळे हीच करतात. घोगरा आवाज काढला की मुलं वाचणाऱ्याकडे बघून हसतात आणि गोष्ट निसटते. भीतीचं वाक्य सपाट वाचायचं, जरा हळू. विनोदाचं वाक्य त्याच चेहऱ्याने वाचायचं आणि मग दोन श्वास थांबायचं, म्हणजे हसायला जागा मिळते.

थांबायचं कुठे, यात खरं कसब आहे. "पुढे काय होईल?" असा मोकळा प्रश्न शिल्लक ठेवला तर मुलं घरी जाईपर्यंत विसरतात. प्रश्न अरुंद हवा. विहिरीत उतरलेला दोर वर ओढताना जड लागतोय. पोरं मोजतात, खाली एकच जण उतरला होता. आणि वर येणारा हात दुसऱ्याचाच आहे. इथे पुस्तक मिटायचं. एका शनिवारी अशाच जागी पुस्तक मिटल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, "समोर काय झालं ते सांगा ना जी, मॅडम." त्याच क्षणी तिन्ही प्रती टेबलावर ठेवल्या होत्या. सोमवारी वाटू म्हटलं असतं तर उत्सुकता रविवारच्या कामात विरून गेली असती. ज्यांना प्रती मिळतात ते चार दिवसांत परत करतात आणि पुढच्या तिघांना देतात. सात दिवसांची मुदत देऊन पाहिली होती. पुस्तक सहा दिवस दप्तरात राहायचं आणि सातव्या दिवशी न वाचता यायचं.

काय काय बिघडलं

पहिला घोळ तात्पर्याचा. तपासणीसाठी काहीतरी लेखी हवं म्हणून प्रत्येक पुस्तकावर दहा ओळी आणि "मला काय बोध मिळाला" असं लिहायला सांगण्यात आलं. पुस्तकं नेणं लगेच मंदावलं. ज्या पुस्तकाने मुलाला पहिल्यांदा मोकळं हसवलं, त्याच्याकडून बोध वसूल करायला लागलो की ते पुस्तक पुन्हा कपाटातलंच होतं. लेखी काम बंद केलं. तपासणीसाठी नोंदवहीच दाखवली आणि ती पुरली.

दुसरा घोळ जास्त गंभीर. मुखपृष्ठावर कवटी पाहून दोन पुस्तकं पेटीत टाकली गेली; ती मोठ्यांच्या भयकथांची होती. मोठ्यांच्या भयकथेत बहुधा अत्याचार आणि त्याचा सूड असतो, मृत्यूचं बारीक वर्णन असतं, आणि शेवट मुद्दाम उघडा सोडलेला असतो. एक मुलगी ती वाचून आठवडाभर रात्री अंगणात जायला तयार होईना. इथल्या बऱ्याच घरांत शौचालय मागच्या बाजूला, घराबाहेर आहे. तिथे अंधारात एकटीने जाणं ही रोजची गरज आहे, त्यामुळे तिच्या भीतीचा सरळ तिच्या तब्येतीशी संबंध होता. तेव्हापासून पेटीत जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिक्षकांनी आधी वाचायचं असं ठरलं. किशोर कादंबरीत भीतीचा हिशेब त्याच पुस्तकात चुकता झाला पाहिजे.

तिसरी गोष्ट या प्रकरणाच्या मुळाशी आहे. एका विनोदी कादंबरीत गावाबाहेर राहणारी चेटकीण होती: वाकलेली, दात पडलेली, विधवा, मांजर पाळणारी. पुस्तक मुलांना भारी आवडलं. आणि पंधरा दिवसांत गावातल्या एका एकट्या म्हातारीला दोन-तीन पोरं त्या चेटकिणीच्या नावाने हाक मारू लागली. दुसऱ्या एखाद्या भागात ही नुसती टवाळी ठरली असती. आपल्याकडे, चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात, जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना मारहाण झाल्याच्या, जीव गेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. पोराच्या तोंडचं नाव मोठ्यांच्या तोंडी जायला वेळ लागत नाही.

पुस्तक त्याच दिवशी पेटीतून काढलं. पोरांना वर्गासमोर शिक्षा केली नाही, कारण त्याने ते नाव सगळ्या वर्गाला पाठ झालं असतं. एकेकाला बोलावून, म्हातारीचं नातं आणि खरं नाव सांगून, तिला आजी म्हणायचं हे समजावलं. हाक थांबली.

त्यानंतर निवडीची कसोटी बदलली, आणि आजही पहिली कसोटी तीच आहे: या पुस्तकात हसू कोणावर येतं? घाबरलेल्या नायकावर येत असेल तर उत्तम. भुतावर येत असेल तरी चांगलं. गंडेदोरे विकणाऱ्या भोंदूवर येत असेल तर फारच चांगलं. पण म्हातारपणावर, व्यंगावर, काळ्या रंगावर, एकट्या बाईवर येत असेल तर ते पुस्तक इथे चालणार नाही, मग ते कितीही गाजलेलं असो. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला, तरी हसण्याची सवय कुठे वळते हे पुस्तक निवडणाऱ्यालाच बघावं लागतं.

पालकसभा

"शाळाच पोट्ट्यायले भुताखेताचं शिकवते काय?" हा प्रश्न पालकसभेत आला आणि तो रास्त होता. त्यावर भाषण न करता एका कादंबरीतलं पाच मिनिटांचं प्रकरण वाचून दाखवलं: भूत उतरवायला आलेला मांत्रिक कोंबडं, दारू आणि पाचशे रुपये मागतो, आणि ज्याला भूत म्हणतात तो माळ्यावरचा उदमांजर निघतो. बाया मोठ्याने हसल्या. एका आजोबांनी गाडगेबाबांच्या कीर्तनाची आठवण काढली. ती जोड अगदी बरोबर होती. शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने वऱ्हाडी बोलीत, लोकांनाच प्रश्न विचारत आणि हसवत, अंधश्रद्धेची साल काढली. माणूस ज्याला हसला, त्याला त्याच जुन्या धाकाने घाबरणं त्याला पुन्हा जमत नाही.

मग भूत शेवटी खोटंच निघालं पाहिजे का? काही पालकांचं तसं म्हणणं होतं. नोंदवही वेगळं सांगते. खोटं निघालेलं भूत मुलांना चालतं, पण ते शोधून, पुरावा जोडून उघडं पडलं तरच. "आणि तो जागा झाला, सगळं स्वप्न होतं" या शेवटावर मुलं चिडतात. एकाने शेवटच्या पानावर पेन्सिलीने "फसवलं" लिहून ठेवलं. खरं भूत असलेली गोष्टही मुलं गोष्ट म्हणूनच वाचतात, जशी झाडीपट्टीच्या नाटकात रंगमंचावर यम आला तर तो खरा कोणालाच वाटत नाही. आमच्या मते दोन्ही प्रकार पेटीत हवेत. स्वप्नाचा शेवट असलेलं पुस्तक विकत घेऊ नये.

पुढे

दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला तसं वाचन कमी होईल अशी धास्ती होती. मुलं रात्रभर नाटक बघून येत, दुसऱ्या दिवशी पेंगत. पण त्याच दिवसांत आठवीतल्या एका गटाने स्वतःची गोष्ट लिहायला घेतली, आणि ती प्रमाण भाषेत लिहायची सक्ती मॅडमनी केली नाही. वहीच्या दुसऱ्याच पानावर हे आहे:

"खालून आवाज आला. पवन्या म्हने, रोही हाये. म्या म्हनलं, डुक्कर हाये. तं खालूनच कोनी म्हन्ते, दोघंई चुकले. मी मुंजा हावो. टॉर्च असन तं द्या ना जी, घरी जातानी मले भेव लागते."

मचाणावरचं पोर जे बोलत नव्हतं, ते इथे मुंजाच्या तोंडून बोललं आहे. भूत दुसऱ्या पानावर आलं, त्याला गरज आहे, आणि हसू भीतीवर आहे. पेटीसाठी लावलेल्या जवळजवळ सगळ्या कसोट्यांना हे पान उतरतं, आणि त्या कसोट्या मुलांना कोणी सांगितलेल्या नव्हत्या.

सगळंच जमलं असं नाही. नववीच्या शेवटी पुस्तकं नेणं जवळजवळ थांबतं. शिकवणी आणि दहावीची धास्ती पेटीपेक्षा जड पडते. काही मुलं या एकाच जातीच्या पुस्तकांत राहिली, पुढे सरकली नाहीत. काही मात्र भोंदू पकडणाऱ्या गोष्टींवरून रहस्यकथांकडे आणि तिथून प्राणी-जंगलाच्या पुस्तकांकडे गेली. त्यासाठी पेटीच्या एका कोपऱ्यात तशी सहा पुस्तकं, काहीही न सांगता, ठेवून दिली होती.

आता प्रश्न शेजारच्या जिल्हा परिषद शाळेचा आहे. तिथली सहावी-सातवीची मुलं शनिवारी या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहतात. त्यांच्यासाठी वेगळी निवड करावी लागेल: ८० पानांच्या आत, अक्षर १६ पॉइंट, आणि रात्रीचा प्रसंग त्याच प्रकरणात उजाडणारा. बारा पुस्तकांपासून सुरुवात करता येईल. पत्र्याची दुसरी पेटी आली आहे, विटा मांडायच्या बाकी आहेत.